रंगकामानंतर फरशीवर पुन्हा पुन्हा उमटणारा पांढरेपणा आणि वाळलेल्या रंगाचे डाग

रंगकाम संपले, रंगारी निघून गेले, फरशी धुतली, पुसली, ओली असताना ती लख्ख दिसली आणि पंख्याखाली वाळताच तिच्यावर पुन्हा पांढुरका थर उमटला, ही तक्रार ठाण्यात आणि नवी मुंबईत दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी ऐकू येते. घोडबंदर रस्त्यावर, खारघरला किंवा उलव्याला नव्या सदनिकेचा ताबा घेणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. त्यानंतर कोणी थिनर सुचवतो, कोणी बाथरूमचे ॲसिड आणतो, कोणी तारेची घासणी घेऊन बसतो, आणि शेवटी डाग राहतोच, वर फरशीची चकाकीही जाते. घरात वाळलेला रंग म्हणून जे दिसते ते एकाच प्रकारचे नसते. पुट्टी (भिंत गुळगुळीत करायला लावतात ती पांढरी लुकण), पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), डिस्टेंपर (खडूसारखा, पाण्यात कालवलेला स्वस्त रंग), इमल्शन (पाण्यातला ॲक्रिलिक रंग) आणि ऑइलपेंट (तेलातला रंग) यांची घडण वेगवेगळी असते, त्यामुळे एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर अजिबात चालत नाही. वाळल्यावर परत दिसणारा पांढरेपणा तर बहुतेक वेळा रंगाचा नसतोच, तो पुट्टीचा असतो.

ओलेपणी तो दिसेनासा का होतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पुट्टी घासताना उडालेली भुकटी फरशीच्या सूक्ष्म खड्ड्यांत बसते. त्या बारीक कणांच्या मधल्या फटींत हवा असते तोवर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि आपल्याला पांढरेपणा दिसतो; फटींत पाणी शिरले की विखुरणे कमी होते आणि थर जवळजवळ पारदर्शक बनतो. कागदावर तेल सांडले की तेवढी जागा आरपार दिसू लागते, त्यामागचे कारणही हेच. म्हणजे फडके फिरवल्यावर भुकटी गेलेली नसते, ती फक्त दिसत नसते. त्यातही एकाच बादलीतल्या पाण्याने सगळे घर पुसले तर दुसऱ्या खोलीपासून आपण पुट्टीचे पातळ पाणीच फरशीला लावत असतो. घरकाम करणाऱ्या बाईंना दोष देण्यापूर्वी बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पाहावा.

डाग कशाचा आहे हे ठरवण्यासाठी तीन सोप्या चाचण्या पुरतात. त्या नेहमी कोपऱ्यात, सोफ्याखाली किंवा दाराआड कराव्यात. पहिली चाचणी गरम पाण्याची. हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकून त्यात भिजवलेला कापडाचा तुकडा डागावर पाव तास ठेवावा. डिस्टेंपर असेल तर तो नखाने खरवडून निघतो आणि पाणी दुधाळ होते. इमल्शन असेल तर थेंबाची कड फुगून सुटू लागते. ऑइलपेंटवर काहीच परिणाम होत नाही. दुसरी चाचणी स्पिरिटची. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा डागावर थोडा वेळ दाबून मग चोळावा. बोळ्याला रंग लागला आणि डाग चिकट झाला तर ते इमल्शन, बोळा स्वच्छच राहिला तर ऑइलपेंट. तिसरी चाचणी व्हिनेगरची आहे आणि ती फक्त व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) किंवा चकचकीत सिरॅमिक टाइलवरच करावी. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीत आणि डिस्टेंपरमध्ये चुनखडीची भुकटी असते, तिच्यावर व्हिनेगरचा थेंब पडला की बारीक बुडबुडे दिसतात. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे दगड मुळात चुनखडीचेच असल्यामुळे तिथे दगडच फसफसेल आणि डागाबरोबर आपल्याला ओरखड्यासारखी कायमची निस्तेज खूण मिळेल.

व्हिट्रिफाइड टाइलवरील पुट्टीचा पांढरेपणा

आजच्या बहुतेक इमारतींत व्हिट्रिफाइड टाइल असते. ही टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, तिची शोषणक्षमता ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असते. मग तिच्यावर भुकटी रुतून का बसते, असा प्रश्न पडतो. पॉलिश केलेल्या टाइलचा वरचा थर कारखान्यात घासला जातो तेव्हा आतली अतिसूक्ष्म छिद्रे उघडी पडतात, आणि त्यांत भरलेले मेण किंवा संरक्षक लेप निघून गेला की बारीक पूड तिथे अडकते. पांढरी पूड गडद रंगावर उठून दिसते, म्हणून फिकट रंगाच्या टाइलपेक्षा काळ्या किंवा गडद टाइलवर ही तक्रार जास्त दिसते.

प्रथम कोरडी सफाई करावी. मऊ केरसुणीने, आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम क्लीनरने, खिडकीच्या ट्रॅकमधील, दाराच्या चौकटीवरील आणि पंख्याच्या पात्यांवरील भुकटी आधी काढावी, कारण ती तशीच राहिली तर पंखा सुरू करताच पुन्हा फरशीवर येते आणि आपली मेहनत फुकट जाते. त्यानंतर एका वेळी एकच लहान भाग, साधारण एका चटईएवढा, घ्यावा. आधी साध्या पाण्याने टाइल आणि विशेषतः सांधे ओले करावेत. ही पायरी अनेक जण गाळतात, पण सांध्यातले सिमेंट आधीच पाण्याने भरलेले असले की आम्ल त्यात शिरत नाही आणि सांधे पोखरले जात नाहीत. मग एक वाटी व्हिनेगरमध्ये दोन वाट्या पाणी मिसळून ते मिश्रण नायलॉनच्या मऊ ब्रशने पसरावे, पाच मिनिटे थांबावे, हलके घासावे आणि वाळू न देता लगेच टिपून घ्यावे. टिपणे महत्त्वाचे आहे. सुटलेली पुट्टी पाण्यासह फडक्यात किंवा वायपरने न्हाणीघराच्या मोरीकडे गेली पाहिजे, जागच्या जागी वाळता कामा नये. शेवटी दोनदा स्वच्छ पाणी, दोन्ही वेळा नवीन बादली. त्या भागाचा निकाल तो पूर्ण वाळल्यावरच पाहावा, आणि मगच पुढच्या भागाकडे वळावे.

छताला पीओपीचे काम झालेले असेल तर हिशेब वेगळा. घट्ट झालेले पीओपी म्हणजे जिप्सम, आणि व्हिनेगरने त्याचे काही होत नाही. मात्र जिप्सम पाण्यात थोडे विरघळते, एका लिटरमध्ये सुमारे दोन ग्रॅम. म्हणून पीओपीचा पांढरेपणा भरपूर आणि वारंवार बदललेल्या स्वच्छ पाण्यानेच जातो. इथे औषधापेक्षा पाणी जास्त लागते, तेव्हा पाणीकपातीचा दिवस सोडून हे काम काढावे.

बाथरूमसाठी विकले जाणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र घरात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इमल्शन किंवा ऑइलपेंट त्याने विरघळत नाही. पुट्टी विरघळते, पण तिच्याबरोबर सांधेही जातात, आणि त्याच्या वाफेने शेजारचे नळ, स्टीलचे सिंक, कड्या-बिजागऱ्या काळवंडतात. त्यातच कोणी डाग पांढरा पडावा म्हणून ब्लीच ओतले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ताबा देण्यापूर्वी कंत्राटदाराची माणसे पूर्ण सदनिका ॲसिडने धुऊन देतात. तसे करू नये असे त्यांना आधीच लेखी कळवलेले बरे.

इमल्शनचे वाळलेले थेंब

इमल्शन पाण्यातले असते म्हणून ते पाण्याने केव्हाही निघेल, हा समज चुकीचा आहे. पाणी उडून गेल्यावर त्यातले ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तरीही त्याच्या दोन दुबळ्या जागा आहेत. उष्णतेने तो मऊ पडतो, आणि पाण्यात बराच वेळ राहिला की थोडा फुगतो. गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची पकड मुळात कमी असल्यामुळे या दोन्हींचा एकत्र उपयोग केला तर थेंब विरघळवण्याची गरजच पडत नाही, तो अखंड उचलला जातो. गरम, साबणाच्या पाण्यात भिजवलेले जाड कापड डागावर ठेवून त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरावी म्हणजे पाणी लवकर निवत नाही. वीस मिनिटांनी जुने प्लास्टिकचे कार्ड आडवे धरून थेंबाच्या कडेखाली सरकवावे. उभ्या पृष्ठभागावर कापड टिकत नसेल तर हेअर ड्रायरची गरम हवा चालते. उरलेली पुसट कड स्पिरिटने जाते. रंगकामानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हे काम फार सोपे असते, कारण खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत पापुद्रा पक्का व्हायला वेळ लागतो. दिवाळीच्या पाहुण्यांनंतर बघू, असे म्हणून ते पुढे ढकलले की तोच थेंब घट्ट होतो.

इमल्शनवर थिनर ओतणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. थिनर पापुद्रा विरघळवतो हे खरे, पण विरघळलेला रंग आजूबाजूच्या सांध्यात आणि छिद्रांत वाहत जातो, थिनर उडून जातो आणि रंग तिथेच राहतो. एका थेंबाचा असा हातभर ढग तयार झाला की मग तोही ओला असताना दिसत नाही आणि वाळल्यावर दिसतो, आणि घरमालकाला वाटते की डाग आतून परत येत आहे.

ऑइलपेंट

ग्रिल, दरवाजे आणि लोखंडी चौकटींचा ऑइलपेंट हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो. म्हणूनच टर्पेंटाइन ओल्या रंगावर आणि ब्रश धुताना चालते, पण दोन आठवडे जुन्या थेंबावर ते चोळत बसण्यात अर्थ नाही. तिथे आधी यांत्रिक उपाय: व्हिट्रिफाइड टाइलवर ब्लेड अगदी आडवे धरून, साबणाचे पाणी लावून, थेंबाचा जाड भाग छाटून टाकावा आणि राहिलेल्या पातळ थरावर थिनरमध्ये भिजवलेला लहानसा बोळा फक्त तेवढ्याच जागी दाबून ठेवावा. बोळा चोळायचा नाही, दाबून उचलायचा, आणि दर वेळी नवीन घ्यायचा.

पितळी कड्या, बिजागऱ्या आणि स्क्रू यांवर वर्षानुवर्षांचे थर चढलेले असतील तर त्या काढून एका टाकाऊ स्टीलच्या भांड्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर उकळाव्यात, थर सोलून निघतात. ॲल्युमिनियमच्या कड्या मात्र सोड्यात घालू नयेत, त्या काळ्या पडून खराब होतात. ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारे नियम २०१६ साली निघाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेले दार किंवा ग्रिल, म्हणजे नौपाड्यातल्या जुन्या इमारती आणि वाशी-नेरुळची सिडकोची जुनी घरे यांत जे सर्रास आढळते, ते पॉलिशपेपरने कोरडे घासू नये. पाणी लावून, वॉटर पेपरने घासावे, गाळ ओल्या फडक्याने उचलावा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवावे.

दुकानात मिळणाऱ्या पेंट रिमूव्हरबद्दल एक इशारा. त्यातले अनेक डायक्लोरोमिथेन या द्रवावर आधारलेले असतात. ते कातडीला भाजते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साठते, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत न्हाणीघरात असे काम करताना कामगारांचे मृत्यू झाले आहेत आणि २०१९ साली तिथे सामान्य ग्राहकांना असा रिमूव्हर विकण्यावर बंदी आली. डब्यावर हे नाव दिसले तर तो डबा घरात वापरू नये. ग्रिल काढता येत असेल तर ती खाली मोकळ्या हवेत, जाणकार कारागिराकडून साफ करून घ्यावी.

जिथे वरचे उपाय तसेच्या तसे चालत नाहीत

स्विचच्या पाट्या, एसीचे कव्हर आणि यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या यांना थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावला की प्लास्टिकच विरघळते आणि तिथला डाग मग कायमचा होतो. एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करून, घट्ट पिळलेले गरम फडके आणि प्लास्टिकचे कार्ड वापरावे. फार तर कापूस लावलेल्या कानकाडीच्या टोकाला स्पिरिट. पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांनाही हेच लागू, थिनरने त्यांचे कोटिंग मऊ पडते.

लाकडाच्या बाबतीत स्पिरिटही शत्रू ठरू शकते. आजोबांच्या वेळच्या सागवानी कपाटाला लाखेचे पॉलिश असते, आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. त्यावरचा इमल्शनचा थेंब स्पिरिटने पुसला तर थेंबाबरोबर पॉलिशही निघून चकता पडतो. तिथे कोमट साबणाचे पाणी, थोडा वेळ, आणि नख. सनमायकावर मात्र स्पिरिट निर्धास्त वापरावे.

काचेवर ब्लेड चालते, पण काच ओली हवी, ब्लेड नवे हवे आणि ते एकाच दिशेने ढकलायचे. मागे ओढले की पात्याखाली आलेला कण ओरखडा काढतो. काचेच्या कोपऱ्यात टफन्ड अशी पुसट खूण असेल, तर ब्लेडला हात लावू नये, कारण काच तापवून कडक करताना तिच्यावर चिकटलेले सूक्ष्म कण ब्लेडने सुटून रेघा पाडतात. काचेवर सनफिल्म असेल तरीही नाही. सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामात रंगाऱ्यांच्या टांगत्या झुल्यावरून उडालेले शिंतोडे उन्हात भाजून पक्के झालेले असतात, त्यांना गरम पाण्याचे फडके दोन-तीनदा लावावे लागते. बाहेरच्या भिंतीचा वॉटरप्रूफ लेप रबरासारखा असल्याने तो भिजल्यावर सहसा एकसंध सोलून निघतो.

खरी अडचण मोझेकची आणि दगडाची आहे. मोझेक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. त्याला आम्ल चालत नाही, आणि ते रंग शोषते. कडप्प्याचा ओटा आणि शहाबादीची गॅलरी यांचेही तेच. इथे लेपाचा उपाय करावा. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून जाडसर लगदा करावा, बोटाच्या पेराएवढ्या जाडीने डागावर थापावा, वर प्लास्टिक चिकटपट्टीने बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू द्यावा. लेप वाळताना दगडातला ओलावा आणि त्याबरोबर विरघळलेला रंग वर ओढून घेतो. एकदा केल्याने डाग फिका होतो, जात नाही. दोन-तीनदा करण्याची तयारी हवी. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर एवढे करावे लागत नाही, गरम फडके आणि कार्ड पुरते.

स्पिरिट आणि थिनर दोन्ही पटकन पेटतात. त्यांची वाफ जमिनीलगत पसरते आणि स्वयंपाकघरातल्या गॅसपर्यंत पोचते, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस आणि देवाजवळची समई बंद, असेच काम करावे. उरलेला थिनर सिंकमध्ये ओतू नये, पीव्हीसीचा पाइप आणि सांधे त्याने मऊ होतात. भिजलेली फडकी गोळा करून पिशवीत कोंबू नयेत. सुकणारे तेल असलेली फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती गॅलरीत पसरून पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्यावीत.

एवढे सगळे करूनही पांढरेपणा परत आला तर दोनच शक्यता उरतात, आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. पांढरेपणा सांध्यांच्या रेषेवरूनच उमटत असेल, ओल्या बोटाने पुसला की जात असेल आणि पावसाळ्यात किंवा न्हाणीघराच्या भिंतीलगत वाढत असेल, तर तो खालून येणारा क्षार आहे, भिंतीला लागतो तसा लोणा. त्याचा रंगकामाशी संबंध नाही आणि गळती किंवा ओल सापडेपर्यंत तो येतच राहील, म्हणून प्लंबरला बोलवावे. उलट पांढरेपणा पुसूनही जात नसेल, बोटाला पूड लागत नसेल आणि तिरप्या उजेडात त्या जागेची चकाकीच नसेल, तर तिथे डाग उरलेला नाही, आम्लाने किंवा तारेच्या घासणीने पृष्ठभाग खाल्ला गेला आहे. मोझेक, कोटा आणि संगमरवर यांवर मशीनने पॉलिश करणारे कारागीर ती चकाकी परत आणू शकतात. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, गेलेल्या टाइलला पॉलिश करून उपयोग होत नाही. ती टाइल बदलावी लागते, आणि त्यासाठी बिल्डरकडून किंवा दुकानातून आलेल्या जादा टाइल्सचा खोका माळ्यावर आहे का, ते आधी पाहावे.